लाल दिव्यावरचं बकरम

९ जानेवारी

टिंबू,

पत्र बघून आश्चर्य वाटून घेऊ नकोस. फोन दोनदा हातात घेतला आणि ठेवला. फोनवर मी गप्प बसलो की समोरच्याला वाटतं लाइन गेली. कागदावर गप्प बसलेलं कुणाला कळत नाही.

कामाचं लिहितो. तुझ्या ताईचा हॅम रेडिओ दुकानाच्या मागच्या खोलीत होता तसा पडून आहे. टेबल, मोर्सची किल्ली, हेडफोन, गच्चीवरची तार, सगळं. तिला जाऊन तीन महिने होतील. ती खोली मला कापडाचे तागे ठेवायला लागणार आहे. तुझी बहीण, तेव्हा रेडिओवर पहिला हक्क तुझा. येऊन घेऊन जा, नाहीतर कुणाला द्यायचा ते सांग. तो एकदा गेला की तुझ्यामाझ्यात देण्याघेण्याचं काही उरणार नाही. मला वाटतं दोघांनाही ते बरं पडेल.

ती आजारी होती त्या महिन्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस. तिला पोचवायला आलास, भिंतीशी उभा राहिलास, संध्याकाळच्या गाडीनं गेलास. झालं ते झालं.

माझं चाललंय. दुकान उघडतो, बंद करतो. परवा बँकेतल्या एका गृहस्थांच्या पँटचे दोन्ही पाय डावे कापले. मी हसलो, ते हसले नाहीत. टाचणी बोटात गेली तरी रक्त दिसेपर्यंत कळत नाही, म्हणून आता फिकट कापडाचं काम घेत नाही.

दाजी


१८ जानेवारी

दाजी, नमस्कार.

पत्र मिळालं. त्या महिन्यांबद्दल मला तुम्हाला बरंच काही विचारायचं होतं. पण तुम्ही दार लावून घेतलंत, तर मी कडी वाजवत बसत नाही.

रेडिओ मला नको. माझा आहे तोच कपाटावर बसून आहे. विकूही नका. भंगारवाल्याकडे तर मुळीच देऊ नका, त्याला त्यातलं तांबं तेवढं कळेल.

मला वाटतं तो तुम्हीच वापरा. तुमच्याकडे परवाना आहे, विसरलात का? ताईनं तुम्हाला हाताला धरून परीक्षेला बसवलं होतं. त्या परीक्षेत मोर्स नव्हतं म्हणून तुम्ही पास झालात असं ती ज्याला त्याला सांगायची. तो कागद कपाटात असेल. इतकी वर्षं पार्टिशनपलीकडून ऐकलंत, आता पार्टिशनच्या अलीकडे बसा.

हे मी चिडून लिहितोय की मनापासून, माझं मलाच समजत नाही. सध्या बरंच काही समजत नाही. आमच्या कंपनीनं मला नव्या इमारतीत लिफ्ट बसवायला पाठवलंय. सोळा मजल्यांचा शाफ्ट, खाली अंधार, वर अंधार, मधे मी. दिवस तिथे बरा जातो. खाली यायची घाई नसते.

सेटचं मोठं गोल बटन दाबलं की तो चालू होतो. एवढं सांगून ठेवतो.

टिंबू


२ मार्च

टिंबू,

रेडिओ विकला नाही. का, ते लिहितो.

तुला माहीत आहे, रोज संध्याकाळी सातला ती आत जायची आणि पलीकडून तुमचं टिट् टाँ सुरू व्हायचं. मी बाहेर मशीनवर. इतकी वर्षं मला वाटायचं हा आवाज कामात अडथळा आहे. आता सात वाजले की माझा पाय मशीनवर आपोआप थांबतो. पुढे काही होत नाही. गिऱ्हाईक समोर असेल तर म्हणतं, काय हो, काय झालं? मी म्हणतो, दोरा बघतोय.

एक दिवस उठून आत गेलो आणि तुझं ते गोल बटन दाबलं. खरखर आली. खरखर बरी वाटली. कपाटाच्या दाराला आतून तिनं मोर्सचा तक्ता चिकटवलेला आहे, तो बघून शिकायला लागलो. या वयात शिकतोय म्हणजे काय, रोज एक अक्षर येतं आणि कालचं जातं. तिनं सेट जिथे सोडला होता तिथेच आहे, काचेतला आकडाही तोच. चालू-बंद करायचं सोडून मी कशालाही हात लावलेला नाही. परवाना सापडला. फोटोत मला मिशी आहे.

आता दर रविवारी सातला मी बसतो. आधी परवान्यावरचं माझ्या स्टेशनचं नाव देतो, मग तुझं, मग मला येतात ती अक्षरं. त्यांचे शब्द होत नाहीत. कुणी ऐकलं तर म्हणेल माकडाच्या हातात किल्ली दिली.

तू ऐकतोस का? एका ओळीत कळव. ऐकू येत नसेल तर तसं सांग, म्हणजे मी उगाच बडवत बसणार नाही आणि खरंच ते सगळं कुणाला तरी देऊन टाकीन. मग पत्रंही नकोत. लिहायला काही राहणार नाही.

दाजी


९ मार्च

दाजी, नमस्कार.

ऐकू येतं. थोडं क्षीण आहे, पण वाचता येतं. पहिल्या रविवारी ओळखलंच नाही, दुसऱ्या रविवारी ओळखलं.

एकच सांगतो, राग मानू नका. तुमचं 'आर' घाईत येतं. टिंब, रेघ, टिंब. मधली रेघ तुम्ही अर्ध्यावर सोडता. तिला पूर्ण वेळ द्या.

मी उत्तर देत नाही, कारण माझ्या सेटचा पाठवायचा भाग खोलून टेबलावर ठेवलाय. सध्या तो नुसता ऐकतो. दुरुस्त झाला की बोलू. तोवर तुम्ही बंद करू नका.

टिंबू


६ एप्रिल

चि. टिंबूस,

तू ऐकतोस हे वाचून मी दुकान अर्धा तास बंद ठेवलं. काही केलं नाही, नुसता बसलो. तेवढंच.

'आर'वर घाम गाळतोय. मशीनच्या पायट्यावर सराव करतो: आखूड, लांब, आखूड. शेजारची इस्त्रीवाली विचारते, मशीन बिघडलंय का. म्हटलं, नाही, मशीन शिकतंय. आता रेघेला एवढा वेळ देतो की त्यात एक बटन लावून होईल. गेल्या रविवारी फरक कळला का ते लिही.

अजून एक. रविवारचं जेवण मी ताट वाढून, बसून केलं. एरवी ओट्याशी उभ्यानंच, पातेल्यातून. तुझी ताई असती तर दोन्ही हात कमरेवर ठेवले असते. हे मी का सांगतोय कुणास ठाऊक. सांगायला दुसरं कुणी नाही हे एक कारण.

आता एक विचारतो, हसू नकोस. या डब्यात होतं तरी काय? मशीन मला कळतं. पाय मारला, पट्टा फिरला, सुई खाली गेली, खालून बॉबिनचा दोरा आला, टाका पडला. डोळ्यानं दिसतं. इथे मी किल्ली दाबतो, टीं होतं, आणि म्हणे तुझ्या शहरात ऐकू येतं. मधलं सगळं गुलदस्त्यात. आणि मी दाबलेलं खरंच बाहेर जातंय हे माझ्या बाजूनं कळायचं कसं? शिवलेलं कापड उलटून बघता येतं. हे कुठून उलटायचं?

सवडीनं लिही. मला सवडच सवड आहे.

दाजी


१४ एप्रिल

ती. दाजींस नमस्कार.

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो, नाहीतर हे ऐकायला माझ्याजवळ कुणी बसत नाही. कामावरचे लोक म्हणतात, लिफ्टबद्दल बोल, त्यातून आम्हाला निदान वर तरी जाता येतं.

डब्यात एक भाग असतो, तो सतत एकसारखी लहर तयार करतो. सपाट, नुसती. तिच्यात ना शब्द ना सूर. किल्ली दाबली की ती लहर पुढे सोडली जाते, पुढचे भाग तिची ताकद वाढवतात आणि ती गच्चीवरच्या तारेतून बाहेर पडते. किल्ली सोडली की बंद. मोर्स म्हणजे एवढंच. थोडा वेळ दाबली तर टिंब, त्याच्या तिप्पट वेळ दाबली तर रेघ. तुम्ही बोलत नाही, फक्त दार उघडता आणि लावता. बोलणं उघडण्या-मिटण्याच्या वेळात असतं.

पण दार धाडकन उघडून चालत नाही. लहर एकदम चालू, एकदम बंद केली तर प्रत्येक टिंबाच्या दोन्ही टोकांना 'खट' वाजतं, आणि ती खटखट आजूबाजूला बोलणाऱ्यांच्या कानात जाते. म्हणून डबा लहर अलगद उचलतो आणि अलगद ठेवतो, पापणी लवायच्या कितीतरी आत. आम्ही लिफ्टला हेच शिकवतो. लिफ्ट कधी सुटली हे पोटाला कळता कामा नये.

काही सेटांत दुसरी रीत असते. तिथे आधी आतच एक सूर तयार करतात आणि माइकमधून माणसाचा आवाज जावा तसा तो पुढे ढकलतात. बाहेर पडेपर्यंत त्याचीही तशीच एक लहर होते, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. ताईला ती रीत पटायची नाही. म्हणायची, शिट्टी वाजवायची आणि किल्लीचा आव आणायचा.

आता गंमत ऐका. तुम्हाला जो टीं ऐकू येतो, तो बाहेर जातच नाही. बाहेर जाणारी लहर मुकी असते. तुमचा हात तुम्हाला कळावा म्हणून डबा तुमच्यापुरता एक सूर तुमच्याच स्पीकरमध्ये वाजवतो. इकडे मला जो सूर ऐकू येतो तो माझ्या डब्यात तयार होतो. आलेल्या लहरीत माझा सेट स्वतःची दुसरी लहर मिसळतो आणि दोघींमधला फरक सुरासारखा वाजतो. तुमचा सूर तुमच्या घरचा, माझा माझ्या घरचा. मधे आवाज असा नाहीच.

बाहेर जातंय की नाही हे कळायला कापड उलटायची गरज नाही. किल्ली दाबलीत की सेटच्या तोंडावर लाल दिवा लागतो आणि काचेतला काटा उडी मारतो. दिवा लागला म्हणजे गेलं.

'आर' सुधारलंय. रेघ आता ऐटीत येते.

टिंबू


२१ एप्रिल

टिंबू,

माझ्या सेटवर लाल दिवा नव्हता. जिथे असायला हवा तिथे बकरमचा गोल तुकडा चिकटवलेला होता. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतो, ते. तुझ्या ताईनं तो माझ्याच टेबलावरून मागून नेला होता, आजार कळल्यानंतर थोड्याच दिवसांत. दिवा डोळ्यांत जातो म्हणाली. मीच कात्रीनं गोल कापून दिला, कडा नीट धरून.

काल रविवारी तो सोलून काढला. किल्ली दाबली. टीं झालं. दिवा लागला नाही. काटा जागचा हलला नाही.

मग तिच्या खणातलं सेटचं माहितीपुस्तक घेऊन बसलो. ब्रेक-इन म्हणून एक बटन आहे. ते चालू असलं तर किल्ली दाबताक्षणी डबा ऐकणं सोडून पाठवायला लागतो. बंद असलं तर नुसता सूर वाजतो, सराव करणाऱ्यांसाठी. बाहेर काहीही जात नाही. आलेलं मात्र ऐकू येत राहतं.

ते बंद होतं.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. सोपी आधी. मी सुरुवातीपासून तुला जे जे पाठवलं ते या खोलीबाहेर गेलेलं नाही. कधी कधी बॉबिन संपलेली असते आणि आपल्याला पत्ता नसतो. सुई खालीवर होते, आवाज अगदी बरोबर येतो, आणि कापड उचललं की टाका एकही नसतो. तसं. मग माझं 'आर' घाईत येतं हे तुला कुणी सांगितलं?

आता दुसरी. ते बटन मी बंद केलेलं नाही. तिच्यामागे त्या खोलीत माझ्याशिवाय कुणी गेलेलं नाही, आणि मी काय काय हलवलं हे मला माहीत आहे. म्हणजे ते तिनं बंद केलं. आणि दिवा लागत नाही हे आत-बाहेर करताना मला दिसू नये म्हणून त्यावर बकरम लावलं.

तेव्हा ते महिने आता लिहितो. लिहिणार नाही म्हणालो होतो ते परत घेतो.

औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. कप हातात आहे की नाही हे ती डोळ्यांनी बघून ठरवायची. ब्लाउजचे हूक मी लावायचो. पण शेवटचा आठवडा सोडला तर सातला ती आत जायचीच. पूर्वी हेडफोन लावायची, त्या महिन्यांत स्पीकर चालू ठेवायला लागली. कान दुखतात म्हणाली. मला पार्टिशनमधून दोन आवाज यायचे. एक दुरून, खरखरीतून येणारा. तो तू, एवढं मला कळत होतं. तो थांबला की दुसरा, स्वच्छ, जवळचा, अडखळणारा. ती. मग परत तू. मग परत ती. मी बाहेर शिवत बसायचो आणि मनात म्हणायचो, बरं आहे, भावाशी बोलतेय.

मी विचारायचो, सांगितलंस त्याला? म्हणायची, सगळं सांगितलं, तुम्ही वेगळं लिहू नका, त्याला दोनदा कशाला त्रास. मी विचारायचो, काय म्हणाला? म्हणाला औषधं वेळेवर घे. म्हणाला रजेचं बघतो. एकदा म्हणाली, तुमची चौकशी केलीन, दाजी जेवतात का म्हणून.

दुकानासमोर गाडी थांबली की मी मान वर करायचो, तू असशील म्हणून. पाच महिने. शेवटी शेवटी मान वर करायचं सोडलं. आणि तू आलास तो तिला उचलायच्या दिवशी. दारात तुला बघितलं आणि मनात आलं, पाच महिने रोज ऐकत बसला आणि आत्ता उगवला. म्हणून तोंड फिरवलं. म्हणून रेडिओ घेऊन जा लिहिलं. तुझ्याशी संबंध ठेवायचा नव्हता, तागे वगैरे काही नाहीत.

तुला काही माहीत नव्हतं ना? तेवढं सांग. 'आर'चं नंतर बघू.

दाजी


२६ एप्रिल

ती. दाजींस,

नव्हतं.

मला काहीही माहीत नव्हतं. तुमचा फोन आला तेव्हा मी शाफ्टमध्ये होतो. वरच्या माणसानं ओरडून सांगितलं की बहीण गेली. मी त्याला विचारलं, कुठे गेली?

मला वाटत होतं, तुम्ही कळवलं नाहीत. दारात तुम्ही तोंड फिरवलंत तेव्हा म्हटलं, शरम वाटत असेल. तुमचं पहिलं पत्र आलं, 'त्या महिन्यांबद्दल लिहू नकोस', ते वाचून खात्रीच झाली. तुमच्यावर इतका राग होता की दोन ओळी लिहून पत्रव्यवहार संपवणार होतो. मग वाटलं, तिच्या घरात बसलेला माणूस आता हा एकच.

माझ्याकडे एरियलची तारच नाही, दाजी. इमारतीची गच्ची रंगवायला घेतली तेव्हा मी ती उतरवली, आणि पुन्हा चढवली नाही. ताईनं उत्तर देणं थांबवलं त्यानंतर ती कुणासाठी लावायची? सेटचा कुठला भाग खोललेलाही नाही. सेट कपाटावर आहे आणि त्यावर माझे पायमोजे वाळत असतात. तुम्ही लिहिलंत की ऐकू येत नसेल तर सगळं देऊन टाकीन आणि पत्रंही नकोत, म्हणून लिहिलं ऐकू येतं. खोटं खरं वाटावं म्हणून त्यात एक चूकही घातली. नवशिक्यांचं 'आर' घाईतच येतं, माझंही यायचं, ताई कान पिळायची. तुम्ही त्याचा पायट्यावर सराव करत होतात हे वाचून मला जेवण गेलं नाही. तरी पुढच्या पत्रात सुधारलंय म्हणून ठोकून दिलं.

माझी बाजू आता ऐका. ती गप्प होण्याआधीच्या आमच्या शेवटच्या बोलण्यात मी तिला म्हणालो होतो, रोज रोज काय बोलायचं ताई, आठवड्यातून एकदा पुरे. मी दमून आलो होतो. दुसऱ्या दिवसापासून ती गप्प. मला वाटलं, रुसली. मग मी रोज सातला बसून तिला हाका मारायला लागलो. नाव द्यायचो, थांबायचो. पुन्हा नाव द्यायचो. दिवसभरातलं काहीबाही सांगायचो. थांबायचो. पलीकडे काही नाही. मी म्हणायचो, किती रुसायचं माणसानं. शेवटी, ती जायच्या जेमतेम आठवडाभर आधी, मीही रुसलो, आणि तार उतरवली. फोन केला नाही. आमचं फोनवर कधी नव्हतंच, तेवढं निमित्त मला पुरलं.

तुम्ही लिहिलंय, आधी खरखरीतला आवाज, तो थांबला की तिचा. म्हणजे मी थांबायचो तेव्हा ती बोलत होती. मी रोज विचारत होतो आणि ती रोज उत्तर देत होती, आणि ते उत्तर त्या खोलीतच राहत होतं. हे मी इतक्या वेळा वाचलं की आता त्याचं काही वाटत नाही. वाटेल कधीतरी. आज फक्त हात गार आहेत.

तिनं बटन का बंद केलं ते मला कळतं. मोर्सवाले एकमेकांना किल्लीवरच्या हातावरून ओळखतात, आणि तिचा हात तर मी झोपेत ओळखला असता. लहानपणी दोन खोल्यांमधल्या भिंतीवर चमचा वाजवून तिनंच मला शिकवलं. बधिर बोटांचं एक अक्षर कानावर पडलं असतं तर मी दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात असतो. आईच्या दुखण्यात मी असाच नोकरी सोडून आलो होतो आणि मग दोन वर्षं घरी बसलो. ते तिनं बघितलं होतं. आणि तुम्हाला मात्र आवाज ऐकू यायला हवा होता, नाहीतर तुम्हीच मला लिहिलं असतंत.

एक विचारतो. ती काय उत्तर द्यायची? शब्द तुम्हाला कळत नव्हते, पण कान तयार आहे तुमचा. एखादा ताल, एखादी ओळ आठवते का? नसेल आठवत तर नसू दे.

टिंबू


८ जून

चि. टिंबूस अनेक आशीर्वाद.

उशीर झाला, कारण उत्तर शोधत होतो. रोज सातला मशीन चालू करून बसायचो, पार्टिशनकडे पाठ करून, तेव्हा बसायचो तसा. म्हटलं काही आठवेल.

नाही आठवत. खरं सांगायचं तर मी ऐकत नव्हतो. आवाज येतोय एवढंच मला पुरत होतं. शब्द गेले, टिंबू. मी ते परत आणू शकत नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि हे गेल्या कित्येक महिन्यांत मला नीट वाटलेलं पहिलं काही आहे.

एकच आठवतं, कारण त्याच्यापुढे माझं काम असायचं. अगदी शेवटी, थोडं थांबून, दोन टिंबं. टिट् टिट्. ते झालं की खुर्ची सरकायची, आणि मी मशीन सोडून चहा टाकायचो. पुस्तकात बघितलं, बोलणं संपलं की एकमेकांचा निरोप घ्यायला ती देतात म्हणे. ती दोन टिंबं तिनं कधी चुकवली नाहीत. इतर सगळं अडखळायचं, ती दोन नीट यायची. तुझं बोलणं संपायची ती वाट बघायची आणि मग निरोप द्यायची. रुसलेलं माणूस असं करत नाही.

तू फोन केला नाहीस. मीही लिहिलं नाही. आपण दोघांनी न कळता तिचं ऐकलं, एवढंच झालं. याच्यावर पुन्हा कधी लिहू नये असं मला वाटतं, पण तुला लिहावंसं वाटलं तर लिही. दार लावलेलं नाही.

मागची खोली आहे तशी आहे. बकरमचा तुकडा बटणांच्या डबीत ठेवलाय. येत्या रविवारी सातला मी बसतो. ब्रेक-इन चालू केलंय, दाबून बघितलं, लाल दिवा लागतो, काटा उडतो. इस्त्रीवालीला बोलावून दाखवला. ती म्हणाली, मग?

मला अजून सगळी अक्षरं येत नाहीत. हळू देईन. शेवटी दोन टिंबं देईन, ती जमतात. पायमोजे दुसरीकडे वाळत घाल आणि तार लाव. नाही लावलीस तरी मी बसणार आहे.

आणि ऐकू आलं नाही तर आलं नाही असंच लिही.

दाजी